केंपेगौडाचे चार मनोरे

बंगळूरच्या लालबागेत मुख्य दरवाजाने आत शिरले की फुलांच्या ताटव्यांआधी नजरेत भरतो तो एक प्रचंड उघडा खडक. पालथ्या कढईसारखा त्याचा आकार आहे आणि पाठ इतकी गुळगुळीत की गवताला मूळ धरावयास जागा मिळू नये. सकाळी फिरावयास येणारी वृद्ध मंडळी काठी टेकीत त्यावर चढतात आणि माथ्यावर पोचली म्हणजे एका लहानशा दगडी मंडपाजवळ क्षणभर विसावतात. दगडी खांब, त्यांवर छत, छतावर देवळाच्या शिखराची आठवण करून देणारा विटाचुन्याचा निमुळता डोलारा आणि शेंड्याला कळस, एवढेच त्या वास्तूचे स्वरूप. पूजाअर्चा चालणारे देऊळ ते नव्हे. बुरूज म्हणावे तर त्याला तट नाही, आणि समाधी म्हणावे तर कोणाची ते कोणी सांगत नाही. नवख्या मनुष्याने विचारलेच की हे कशासाठी बांधले, तर शेजारच्याचे उत्तर तयार असते : हे केंपेगौडाचे गोपुर, जुन्या शहराची हद्द.

उत्तर सोपे आहे, परंतु ते मिळाल्यावर प्रश्न संपत नाहीत, वाढतात. शहराची हद्द दाखवावयाची तर ती उजाड माळावरच्या खडकावर, वस्तीपासून मैलभर दूर का दाखवावी? आणि हद्दीच्या खुणेला देवळासारखे शिखर कशाला?

ज्या खडकावर हा मनोरा उभा आहे त्याचे वय आधी सांगितले पाहिजे. भूशास्त्रज्ञ त्याला द्वीपकल्पीय नाइस म्हणतात आणि सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. सह्याद्रीचा काळा पत्थर आपल्याला सनातन वाटतो. पण तो ज्वालामुखीच्या रसातून थिजला त्यास साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास झाली. लालबागेतला हा दगड त्याचा खापरपणजोबा शोभावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे, आणि खडकाजवळ तसा फलकही आहे. त्यापुढे चारशे वर्षांचा मनोरा म्हणजे कालचे पोर. तरीही लोक खडकाला ‘मनोऱ्याचा खडक’ म्हणूनच ओळखतात, मनोऱ्याला ‘खडकावरचा मनोरा’ म्हणून नव्हे.

हा मनोरा एकटा नाही. त्याची तीन भावंडे शहरात आहेत. एक नैर्ऋत्येस, केंपांबुधी तलावाच्या काठी. दुसरा पूर्वेस, हलसूरच्या तलावाजवळच्या खडकावर. आणि तिसरा उत्तरेस, ज्या ठिकाणाला हल्ली मेखरी सर्कल म्हणतात त्याच्या जवळ, बळ्ळारीकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत. चौघांची घडण थोड्याफार फरकाने सारखीच आहे. आज या चौघांभोवती शहर इतके दाटले आहे की एकापासून दुसरा दिसत नाही, आणि मुद्दाम शोधावयास निघालेल्या माणसालाही दोन वेळा वाट विचारावी लागते. बांधले गेले तेव्हा मात्र चारही जागा निखालस रानातल्या होत्या.

अशा वास्तूंची गंमत इंग्लंडातही आढळते. तेथे अठराव्या शतकात धनिक जमीनदारांना आपल्या इस्टेटीतील टेकड्यांवर निरुपयोगी मनोरे बांधण्याची हौस लागली होती. वूस्टरशरमधील ब्रॉडवे टॉवर हा त्यांतलाच एक. एका उमराव स्त्रीला आपल्या दूरच्या हवेलीतून त्या टेकडीवर पेटवलेला जाळ दिसतो की नाही हे पाहावयाचे होते. दिसला, म्हणून १७९८ च्या सुमारास तेथे मनोराच उभा राहिला. लोक अशा बांधकामांना ‘फॉली’ म्हणू लागले, म्हणजे सरळ मराठीत खुळेपणा. केंपेगौडाच्या मनोऱ्यांकडे पाहून एखाद्या परक्या प्रवाशाने तोच शब्द वापरला तर त्याला फार दोष देता येणार नाही. पण ज्या घराण्याने हे मनोरे उभारले त्याला हौसेपुरता पैसा उधळण्याची चैन परवडणारी नव्हती.

हे घराणे येलहंक येथील नाडप्रभूंचे. विजयनगरच्या सम्राटांचे ते मांडलिक. त्यातील केंपेगौडाने १५३७ साली नव्या बंगळूराचा मातीचा कोट घातला आणि आत पेठ वसवली. अच्युतरायाने त्याला सभोवारची गावे इनाम दिली, त्यांचे वार्षिक उत्पन्न तीस हजार वराह होते असे परंपरा सांगते. पुढे स्वतःच्या नावे नाणे पाडल्याच्या अपराधाबद्दल त्याला पाच वर्षे आनेगुंदीस बंदिवासात काढावी लागली, असेही तीच परंपरा सांगते. नगरस्थापनेची कथा ऐकून मराठी माणसाला हसू येईल, कारण ती त्याने आधी ऐकलेली असते : शिकारीस गेलेल्या केंपेगौडाला ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला, आणि ही वीरभूमी आहे असे मानून त्याने तेथे शहर वसवले. विजयनगरची हीच कथा आहे, अहमदाबादचीही हीच. हिंदुस्थानातल्या निम्म्या राजधान्या या एका सशाने वसवल्या आहेत.

त्यापेक्षा नांगराची कथा अधिक अर्थपूर्ण आहे. चिक्कपेट आणि दोड्डपेट जेथे मिळतात त्या चौकात शुभमुहूर्तावर शुभ्र बैलांच्या चार जोड्या नांगराला जुंपल्या आणि चार दिशांना सोडल्या. त्यांच्या तासांवर पुढे रस्ते पडले आणि त्या रस्त्यांच्या टोकांना कोटाच्या वेशी आल्या : उत्तरेस येलहंकेची, पूर्वेस हलसूरची, पश्चिमेस सोंडेकोप्पाची आणि दक्षिणेस आनेकलची. कथा कितपत खरी हे सांगता येत नाही. वेशी मात्र खऱ्या होत्या, त्यांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. पुण्याच्या कसब्यात शिवाजीमहाराजांच्या बालपणी सोन्याचा नांगर फिरला अशी आपली परंपरा आहे. ती आणि ही कथा शंभर वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या बहिणी शोभतात. नांगरलेली जमीन म्हणजे माणसाने स्वीकारलेली जमीन, ही भावना दोन्हीकडे एकच.

आत पेठा वसल्या त्या धंदेवार. अक्किपेट म्हणजे तांदळाची, रागीपेट नाचणीची, अरळेपेट कापसाची, कुंबारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. ‘पेठ’ हा शब्द मराठी श्रोत्याला परका नाही, आणि बंगळूरच्या त्या अरुंद बोळांतून चालताना त्याला रविवार-शुक्रवारांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

कोटाविषयी एक करुण कथाही आहे. दक्षिणेची वेस उभी राहिना. दिवसा बांधावी आणि रात्री कोसळावी. गर्भवती स्त्रीचा बळी हवा असे कोणी सुचवले. केंपेगौडाने नकार दिला. पण त्याची सून लक्ष्मम्मा रात्री एकटी तेथे गेली आणि तिने आपला देह दिला. कोरमंगल येथे तिचे देऊळ आहे. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली नाथनाक आणि देवकाई यांना जिवंत पुरल्याची दंतकथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या कथेतील भीती समजावून सांगावयास नको. फरक एवढाच की तेथे कोणाचा तरी जीव घेतला जातो, येथे तो दिला जातो. कन्नड लोकमानसाने आपल्या राजाला या पापातून सोडवून घेतले आहे.

आता मनोऱ्यांकडे वळावयास हरकत नाही. ते नगरस्थापक केंपेगौडाने बांधले असे काही म्हणतात. पण त्याच्या मागून आलेल्या इम्मडी, म्हणजे दुसऱ्या, केंपेगौडाकडे ते श्रेय देण्याकडे बहुतेकांचा कल आहे आणि १५९७ हे वर्ष त्यासाठी सांगितले जाते. तेव्हा विजयनगर पडून बत्तीस वर्षे झाली होती. धनी उरला नव्हता. नाडप्रभू आपापल्या बळावर उभे होते. शहर या चार खुणांपर्यंत वाढेल, असे भाकीत बांधणाऱ्याने केले होते असे लोक मानतात. याच भाकिताची दुसरी, अधिक काळवंडलेली आवृत्तीही आहे : शहर या खुणांच्या पलीकडे गेले तर त्याचे अनिष्ट होईल.

इतिहासाची पुस्तके या मनोऱ्यांना सरसकट ‘टेहळणीचे बुरूज’ म्हणतात. ते पटण्यासारखे नाही. टेहळणीच्या बुरुजाला वर चढावयास वाट हवी, वर उभे राहावयास जागा हवी. येथे पहारेकऱ्याला मंडपात उभे राहून जे दिसेल ते खडकावर उभे राहूनही दिसते. उलट खांबांची अडचणच व्हावयाची. पावसात त्याला आडोसा मिळे, एवढाच उपयोग. रात्री तेथे दिवा लावीत असतील तर तो मात्र दुरून दिसला असता. बरे, चारी मनोरे पेठेपासून सारख्या अंतरावर आहेत म्हणावे, तर तेही नाही. लालबाग आणि केंपांबुधी हे दोन चिक्कपेटेपासून दोन-तीन किलोमीटरांवर आहेत. हलसूर आणि मेखरी सर्कल हे दोन पाच किलोमीटरांच्या आसपास. नकाशावर चारही बिंदू जोडले तर चौकोन होतो खरा, पण शाळेतल्या मुलाने घाईत काढलेल्या चौकोनासारखा वाकडा.

कागदावर रेघ आखून हद्द ठरवणाऱ्याचे हे काम नव्हे. मग कोणाचे? याचे उत्तर बंगळूरच्या भूमीत आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर, एका लांबट कण्यावर वसले आहे. कण्याच्या पश्चिमेला पडलेले पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळते. पूर्वेला पडलेले दक्षिण पिनाकिनीकडे जाते. बारमाही नदी एकही जवळ नाही. पुण्याला मुठा आहे, साताऱ्याला कृष्णा आहे. येथे पावसाचे पाणी उतारावर अडवावे, साठवावे आणि जपून वापरावे, याखेरीज जगण्याचा दुसरा मार्ग नव्हता. म्हणून या घराण्याने तलाव बांधले. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशी माळ ओवली. तलावांना जोडणाऱ्या मोठ्या पाटांना तेथे राजकालुवे म्हणतात. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी, हलसूर ही त्या माळेतील ठळक नावे.

मनोऱ्यांच्या जागा या दृष्टीने पाहिल्या म्हणजे वाकडा चौकोन बोलू लागतो. केंपांबुधीचा मनोरा तलावाच्या काठावरच आहे. हलसूरचा तलावाशेजारच्या खडकावर आहे. लालबागेतील खडकाच्या उतारालाही तलाव आहे. चौथा मात्र या नियमात नीट बसत नाही; तो येलहंकेच्या, म्हणजे घराण्याच्या मूळ गावाच्या वाटेवर आहे, आणि कदाचित त्याचे कारणही तेच असावे. तेव्हा असे म्हणण्यास जागा आहे की बांधणाऱ्याने शहराची हद्द दाखवली ती मुख्यतः पाण्याची. जेथवर आपल्या तलावांचे पाणी आणि आपल्या माणसांची नजर पोचते तेथवर गाव. त्याच्या पलीकडे दुसऱ्याचे शिवार. यात भविष्यवाणीपेक्षा व्यवहार अधिक आहे. आणि काठावरच्या बांधकामाला देवळासारखे शिखर चढवले म्हणजे तलावाचा बांध फोडावयास येणाऱ्याचा हात जरा कचरतो, हेही त्या काळच्या राजाला पक्के ठाऊक असणार.

ज्या शहराभोवती हे चार पहारेकरी उभे होते ते शहर पुढे पन्नास वर्षे मराठी अमलाखाली होते, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेतल्या पुस्तकातील एका ओळीपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. निजामशाही बुडाल्यावर शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर त्यांनी बंगळूर घेतले. केंपेगौडा घराणे मागडीस गेले, आणि बंगळूर शहाजीराजांना जहागीर मिळाले. त्यांनी ते आपले मुख्य ठाणे केले. त्यांचा वाडा चिक्कपेटेत होता असे सांगतात. १६४० च्या सुमारास जिजाबाई बाल शिवाजीसह येथे आल्या आणि दोन वर्षांनी पुण्यास परतल्या. जयराम पिंड्ये या कवीने शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन राधामाधवविलासचंपूत केले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. संस्कृतपासून कन्नडपर्यंत अनेक भाषांचे कवी त्या दरबारात वावरत. एका मराठी सरदाराच्या घरी, विजापूरच्या सुलतानाच्या नावाने, कन्नड मुलखात हे चालले होते, याचे त्या काळी कोणाला नवल वाटत नसे.

शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. बंगळूर त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे, ज्यांना एकोजी म्हणत, यांच्याकडे राहिले. त्यांची एक खूण शहरात आजही आहे. मल्लेश्वरम् या भागातील काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी १६६९ सालचा कन्नड शिलालेख आहे. व्यंकोजींनी या देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे त्यात नमूद आहे. ‘काडु’ म्हणजे रान. आज ज्या भागात मोटारीला उभे राहावयास जागा सापडत नाही, तेथील देव तेव्हा रानातला मल्लिकार्जुन होता. मराठी धनी, कन्नड लेख, रानातला देव आणि इनाम गाव, एवढे सर्व त्या एका दगडात आहे.

पुढे १६७५ च्या सुमारास व्यंकोजींना तंजावर मिळाले. कावेरीच्या मुखाजवळच्या त्या सुपीक प्रदेशात राहून दूरचे बंगळूर सांभाळणे जड जाऊ लागले. मोगल विजापूर घेऊन पुढे सरकत होते. तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांस शहर विकण्याची बोलणी सुरू झाली. ती चालू असतानाच मोगल सेनापती कासीमखानाने १० जुलै १६८७ रोजी बंगळूर घेतले. संभाजीमहाराजांच्या बाजूची मराठी फौजही तिकडे निघाली होती. तिला उशीर झाला. कासीमखानाने थोड्याच दिवसांत तीच तीन लाखांची रक्कम घेऊन शहर चिक्कदेवराजाच्या हवाली केले.

तीन लाख म्हणजे किती? वराहाचा भाव काळाप्रमाणे बदले; ढोबळ मानाने तीन रुपये धरला तर विजयनगरच्या सम्राटाने केंपेगौडाला दिलेल्या तीस हजार वराहांचे नव्वद हजार रुपये होतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाच्या तीन-साडेतीन वर्षांच्या वसुलीत कोट, पेठा, तलाव आणि चार मनोरे यांसह आख्खे बंगळूर विकले गेले. कोणत्याही महसुली अधिकाऱ्याच्या नजरेने हा सौदा घेणाराच्या फायद्याचा होता. पण विकणाराची निकडही लक्षात घेतली पाहिजे. जे हातून जाणारच त्याची किंमत बाजारात ठरत नाही. आणि अखेर पैसे पडले ते ज्याचे शहर होते त्याच्या पदरात नव्हेच.

अठराव्या शतकात हैदरअलीने १७६० मध्ये लालबागेची आखणी सुरू केली आणि टिपूने ती वाढवली. दूरदूरची झाडे आणली गेली. पुढे १८८९ साली काचेचे प्रसिद्ध प्रदर्शनगृह उभे राहिले. माळावरचा मनोरा असा आपोआप बागेतला मनोरा झाला. त्याच्या तीन भावंडांच्या वाट्याला हे सुदैव आले नाही.

पूर्वेची हद्द पहिल्यांदा ओलांडली ती इंग्रजांनी. टिपूच्या पाडावानंतर त्यांची पलटण श्रीरंगपट्टणास होती; तेथील तापाने शिपाई मरू लागले, तेव्हा हवापाण्याच्या सोयीसाठी १८०९ पर्यंत हलसूरच्या बाजूस छावणी हलवली. हलसूरच्या मनोऱ्याला एका रात्रीत नवे शेजारी मिळाले. जुने शहर म्हैसूरचे आणि छावणी इंग्रजांची, अशी दोन बंगळुरे दीडशे वर्षे एकमेकांना पाठ लावून नांदली. १९४९ साली ती एका महापालिकेत आली. दरम्यान १८९८ च्या प्लेगने पेठांतून माणसे बाहेर काढली. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या आखीव वस्त्या त्या संकटाचे अपत्य होत. पुणेकरांना हे निराळे सांगावयास नको. त्या साथीने त्यांच्याही पेठा अशाच रिकाम्या केल्या होत्या.

पण घरे बांधली म्हणून शहर वाढत नाही. तेथे पाणी पोचले पाहिजे. म्हणूनच बंगळूरने मनोरे खऱ्या अर्थाने ओलांडले ते तलावांवरची भिस्त सुटली तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टाहून अर्कावतीचे पाणी नळाने आले. १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. १९७४ मध्ये कावेरीचे पाणी आले, तेही जवळजवळ शंभर किलोमीटरांवरून आणि सुमारे पाचशे मीटर उंच उपसून. नदी शहराकडे येत नाही, म्हणून शहराने तिला टप्प्याटप्प्याने डोंगर चढवला. विजेचा प्रवाह एक दिवस तुटला तर काय होईल, हा विचार बंगळूरकर सहसा मनात आणीत नाहीत.

नळ आला आणि तलावांची गरज संपली असे सर्वांना वाटले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचे मध्यवर्ती बसस्थानक आहे. त्याला केंपेगौडाचेच नाव दिले आहे, हा योगायोग जरा बोचरा म्हणावा लागेल. संपंगी तलावात कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. करग उत्सवासाठी त्यातला एक लहानसा चौकोनी तुकडा तेवढा राखून ठेवला आहे. राजकालुव्यांवर इमारती चढल्या, आणि मोठा पाऊस झाला की पाणी जुनी वाट शोधीत लोकांच्या घरांत शिरते. उलट २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या आणि नव्या उपनगरांतील माणसे टँकरची वाट पाहत बसली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. दररोज ७७५ दशलक्ष लिटर पाणी, तेही शहराच्या कडेला जोडलेल्या ११० गावांसाठी. मनोऱ्यांच्या भाकिताची काळवंडलेली आवृत्ती कोणी रचली कोण जाणे. पण रचणाराला तलावांचे गणित येत होते.

शहर ज्या दिशेस सर्वांत झपाट्याने धावले ती दिशा नांगराच्या चौथ्या तासाची, आनेकलच्या वेशीची. त्या वाटेवर बेगूर लागते. तेथील नागेश्वराच्या देवळातील सुमारे इ.स. ८९० चा वीरगळ ‘बेंगळूरच्या लढाईत’ पडलेल्या एका वीराची नोंद करतो. होयसळ राजा वीरबल्लाळ रानात चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेल्या शेंगांचे दाणे खाऊ घातले आणि त्यावरून गावाचे नाव पडले, ही गोड कथा हा दगड निकालात काढतो. कारण तो वीरबल्लाळाच्या सुमारे तीनशे वर्षे आधीचा आहे. म्हणजे केंपेगौडाच्या शहराचे नाव त्याच्या मनोऱ्यांच्या कितीतरी बाहेर, एका खेड्यातल्या दगडावर आधीच कोरलेले होते.

बेगूरच्या पलीकडे, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर १९७८ पासून इलेक्ट्रॉनिक्स सिटी वसली. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली आणि दोन वर्षांनी बंगळूरला आलेली इन्फोसिस कंपनी पुढे तेथेच स्थिरावली. तिच्याही पुढे आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा आहे. हे नाव पाहण्यासारखे आहे. ‘संद्र’ हे ‘समुद्र’ या शब्दाचे झिजलेले रूप. कानडी मुलखात मोठ्या तलावाला समुद्र म्हणण्याची जुनी रीत आहे. सिंगसंद्र, बोम्मसंद्र अशी संद्रांची रांगच या बाजूस लागते. ‘बोम्म’ हे ब्रह्म शब्दाचे कन्नड रूप. तेव्हा बोम्मसंद्रा म्हणजे बोम्माचा तलाव : कोणा बोम्मण्णाने बांधलेला असेल, वा ब्रह्मदेवाच्या नावाने सोडलेला असेल. केंपेगौडाच्या चार मनोऱ्यांबाहेरच्या या गावाला आपला समुद्र आपणच खणावा लागला होता, एवढे त्या नावातून निश्चित कळते. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, औषधांचे कारखाने आहेत, दूरदूरच्या राज्यांतून हृदयविकाराचे रोगी जेथे येतात असे मोठे रुग्णालय आहे. आणि महाराष्ट्रातून, विशेषतः सोलापूर-सांगलीकडून, कामासाठी आलेली माणसेही तेथे भेटतात.

१० ऑगस्ट २०२५ रोजी बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. तिचे दुसरे टोक आर. व्ही. रोड स्थानकास आहे. सुमारे एकोणीस किलोमीटरांची ही वाट आणि त्यात सोळा स्थानके. लालबागेच्या खडकावरून उतरून शेजारच्या लालबाग स्थानकात गाडी पकडावी आणि आर. व्ही. रोडला बदलावी, की आनेकलच्या वेशीतून निघालेल्या बैलजोडीला जेथे पोचावयास दिवस मोडला असता, तेथे मनुष्य तासाभरात उतरतो. उन्नत मार्गावरून जाताना खिडकीतून उजवी-डावीकडे अधूनमधून हिरवट पाण्याचा एखादा तुकडा चमकून जातो. तो कोणत्या संद्राचा, हे सांगणारे जुने माणूस डब्यात एखादे तरी असतेच.